हाकेच्या आत

"पीठ भरड आलंय," रतनबाई चिमटीत पीठ चोळत पुटपुटली, "आन् म्हणं पोरगी डाक्टर झाली."

पुटपुटली ती स्वतःशीच, पण नूरजहाँच्या कानापासून वीतभर अंतरावर. गिरणी चालू असती तर कुणाच्या बापाला ऐकू आलं नसतं. नेमका त्याच वेळी नूरजहाँनं खटका खाली ओढला होता आणि पट्टा फटफट करत थांबत आला होता. रतनबाईची ही जुनी खोड. बोलायचं माणसाला, नजर मात्र डब्यात. म्हणजे पुढं भांडण झालंच, तर ते डब्याशी झालं असं म्हणता येतं.

"दगडाला टाकी द्यायची झालीय," नूरजहाँ म्हणाली. "उद्या गुरुवार, लाईट नसतीय. उद्याच देते. पण पोरीचा आन् पिठाचा काय संबंध, रतनबाई?"

"संबंध न्हाई कसा? पोरगी मोठी झाली आन् आईचं ध्यान दगडावरनं उडालं. माजं काय, मी आपली भरड भाकरी खाईन. रविवारी सत्काराला जेवण हाय का नुसता चहा?"

"चहा आन् भजी."

"मग ठीक हाय," म्हणून रतनबाईनं डबा डोक्यावर घेतला.

कापूरहोळच्या फाट्यावर, भोरकडं वळणाऱ्या रस्त्याला, ही गिरणी बावीस वर्षं नूरजहाँ चालवत होती. नवरा फारूक टेम्पोवर. पोरगी एकच, हुमा. ती पुण्याला विद्यापीठात गणित शिकत होती, आणि इतकी वर्षं शिकत होती, की एवढ्या वर्षांत गणित संपायला हवं होतं असं फाट्यावरच्या लोकांचं मत पडलं होतं.

आता हे डॉक्टर प्रकरण कसं घडलं ते सांगायला हवं, कारण त्याची सुरुवात नूरजहाँपाशी होते आणि तिनं ते कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

तीन आठवड्यांपूर्वी गिरणीतला फोन वाजला. फोन काळा होता म्हणे. पिठानं तो कधीचाच पांढरा झालेला. पलीकडून हुमा म्हणाली, "अम्मी, प्रबंधाचं होत आलंय."

होत आलंय. भात शिजत आलाय, म्हणतात तसं. इकडं गिरणीत ज्वारी चालू, कानात अर्धं ज्वारीचं आणि अर्धं पोरीचं. दुपारी जेवताना नूरजहाँ फारूकला म्हणाली, "हुमाचं झालंच म्हना." फारूक ताट तसंच ठेवून फाट्यावर गेला आणि टेम्पोवाल्यांत म्हणाला, "पोरीचं झालं." काय झालं? डॉक्टरेट. ही डॉक्टरेट भोंगवलीला जाईपर्यंत वाटेतल्या कुठल्याशा स्पीडब्रेकरवर 'एट' सांडून 'डॉक्टर' उरली. नसरापूरच्या बाजारात ती मोठ्या दवाखान्यातली डॉक्टर झाली. वेल्ह्याला हाडांची झाली. आणि पार पालीला, राजगडाच्या पायथ्याशी पोचली तेव्हा कापूरहोळच्या गिरणीवालीची पोरगी नुसत्या हातानं गुडघे बरे करत होती.

यात खोटं कुणीच बोललं नव्हतं. प्रत्येकानं चिमूटभर इकडंतिकडं केलं एवढंच. तेवढं गिरणीतही होतं. बाजरीमागून गहू टाकला की गव्हाच्या पिठात थोडी बाजरी उतरायचीच. गिऱ्हाईक कुरकुरलं की नूरजहाँचं उत्तर ठरलेलं होतं: "एवढ्यातेवढ्यानं चपाती करपत न्हाई."

भोंगवलीचे गेनबाआबा जुने सरपंच. त्यांनी सत्कार ठरवला, शाळेचं पटांगण सांगून ठेवलं. फारूकनं कापडी फलक रंगवायला टाकला. पोरीचा विषय काय लिहायचा म्हणून तो गिरणीत आला. हुमानं कधीतरी कागदावर लिहून दिलेलं इंग्रजी नाव त्यानं रंगाऱ्याकडून वाचून घेतलं होतं, त्यातलं भूमिती कळलं, पण भूमितीच्या आधीच्या शब्दाला मराठीत काय म्हणायचं? रंगारी म्हणाला, जाडं, खरखरीत, असं काहीतरी.

"जाडं दळलेल्याला काय म्हंत्यात?" फारूकनं विचारलं.

"भरड," नूरजहाँ म्हणाली. या बाबतीत तालुक्यात तिच्याइतका अधिकार कुणाचा नव्हता.

म्हणून फलकावर हातभर अक्षरांत आलं: भरड भूमितीत डॉक्टर झाल्याबद्दल कु. हुमा फारूक यांचा जाहीर सत्कार.

हुमा बुधवारी संध्याकाळच्या एसटीनं आली. फलक ओट्यावर वाळत घातला होता. तो तिनं दोनदा वाचला, आणि चप्पल न काढताच म्हणाली, "अब्बा, हे काय?"

"आवडला न्हाई रंग?"

"रंग चांगला आहे. पण मी अजून..."

"आगं, सोमवारी जमा करणार म्हनलीस ना? रविवार काय आन् सोमवार काय, एका रातीचा फरक." फारूक खुशीत होता. "आन् तुझं गाईड केळशीकर सर बी येनार हायती. मी सोत्ता फोन केला. एका शब्दात हो म्हनले."

हुमा खाली बसली. चप्पल तशीच पायात. नूरजहाँनं चहा ठेवताठेवता वळून बघितलं. पोरीचा अंगठा पहिल्या बोटावर सारखा फिरत होता, चिमटीत पीठ धरून चोळावं तसा. पीठ बरं उतरलं नसलं की नूरजहाँचा स्वतःचा हात असाच चालायचा.

गुरुवारी सकाळी साळूबाई आली. पालीहून पहाटे निघून, चेलाडीला गाडी बदलून, वडापच्या जीपमध्ये अकराव्या माणसाच्या मांडीवर बसून. आल्याआल्या गिरणीच्या पायरीवर बसून तिनं लुगडं वर सारलं आणि गुडघा हुमापुढं केला.

"बघ बाई. चढाला गप ऱ्हातोय, उताराला बोंब मारतोय."

"आजी, मी ती डॉक्टर न्हाई," हुमा म्हणाली.

"मग कसली?"

"गणिताची."

साळूबाईनं जरा विचार केला. "गनिताला काय झालंय?"

नूरजहाँला हसू फुटलं. साळूबाईलाही स्वतःचंच बोलणं आवडलं. "आजारी हाय व्हय गनित? दुखतंय कुठं?" म्हणून ती वर डोळे मिचकावू लागली. हुमा मात्र हसली नाही. मग उठून तिनं तिळाचं तेल कोमट केलं आणि साळूबाईचा गुडघा चांगला घटकाभर चोळला.

"गुन हाय हाताला," साळूबाई उठताना म्हणाली. "लोक उगं बोलत न्हाईत. रविवारी येते म्या." म्हणजे पालीला आता ही बातमी पक्की होऊन परत जाणार होती.

दुपारी फारूकनं पहारीनं वरचा दगड उचलून आडवा करून दिला आणि तो भाड्यावर गेला. नूरजहाँ छिन्नी-हातोडी घेऊन बसली. दगडाच्या मधल्या भोकापासून काठापर्यंत चिरा असतात. त्या झिजल्या की दाणा कापला जात नाही, नुसता चेंगरतो. एकेक चीर नव्यानं उकरायची. टक्, टक्. हुमा समोर पोत्यावर टेकून बसली होती.

"तुझ्या त्या भरड भूमितीत असतं तरी काय गं?" नूरजहाँनं विचारलं. वर न बघता. वर बघून विचारलं की पोरं खरं सांगत नाहीत, हे तिला अनुभवानं ठाऊक होतं.

"भरड शब्द चांगला काढलास, अम्मी." हुमा आल्यापासून पहिल्यांदा नीट बोलली. "बारीक बघायचंच नाही, असली भूमिती. लांबून बघायचं. गडावरनं खाली बघितलं की घरं दिसत नाहीत, नुसती गावं दिसतात, ठिपक्यासारखी. ठिपक्यांची ओळ दिसते. आणखी लांब गेलं, की ती ठिपक्यांची ओळ आणि सलग रस्ता, दोन्ही एकच."

"आन् आपली गिरनी?"

"गिरणी, फाटा, अख्खं भोर. ज्याला कुठंतरी शेवट आहे ते सगळं मिळून एक ठिपका."

"वा! एवढं शिकलीस आन् आईबापाचा ठिपका केलास." टक्, टक्. "मग जवळ कशाला म्हनायचं, लांब कशाला?"

"हाकेच्या आत ते जवळ. हाक केवढी मारायची ते आधी ठरवायचं. लहान का मोठी, कुठलीही चालेल. पण एकदा ठरवली की ती वाढवत बसायची नाही."

"ह्ये तर आमचंच हाय. पुन्याची पोरं गड किती लांब इचारत्यात, आन् पालीची माणसं सांगत्यात, ह्यो काय, हितंच."

हुमा पुढं सरकली. दगडाशेजारी फरशीवर पीठ सांडलेलं होतं, त्यात तिनं बोटानं रेघा ओढून चौकटी केल्या. "डावीकडं सगळी गावं लिहायची, वरही तीच गावं. कुठलं गाव कुठल्याला निरोप देतं, ते चौकटीत मांडायचं. अट एकच: निरोप हाकेच्या आतच द्यायचा. न संपणारा तक्ता असतो हा. अशा तक्त्यांची बेरीज होते, गुणाकार होतो. तक्त्याला तक्त्यानं गुणलं की निरोप दोन हाका पुढं जातो."

"आन् तीनदा गुनलं की तीन."

"बरोबर." हुमानं तळहात दगडावर ठेवला. "आणि हा दगड बघ. एक चीर पुढं फिरवला तर?"

"कळनार बी न्हाई फिरवला म्हनून."

"अशा फिरवण्यांचा मिळून एक ग्रुप होतो. फिरवलं तरी ज्याच्यात बदल होत नाही, त्याचे वर्ग पाडायचे आणि मोजायचे. या मोजदादीला के-थिअरी म्हणतात. के म्हणजे जर्मन भाषेतल्या वर्गाचं पहिलं अक्षर."

"आमचा बी वर्गच हुता. सातवी ब."

"तसंच की. सारखे दिसणारे एका वर्गात बसवायचे." हुमा हसली, आणि हसताहसता तिचा आवाज उतरत गेला. "मोजायच्या दोन वाटा आहेत. एक जमिनीवरची, जरा सोपी. दुसरी या तक्त्यांमधून, लांबून. दोन्ही वाटांनी उत्तर एकच येतं, असं दाखवायचं असतं. सगळ्यांसाठी कुणालाच जमलेलं नाही. एका जातीच्या ग्रुपांसाठी मी..."

टक्, टक्. नूरजहाँ थांबली नाही.

"निरोप एका हाकेवर गेला की थोडं इकडंतिकडं होतं," हुमा म्हणाली. "ते मी धरलंय. या भूमितीत तेवढं चालतं."

"चालतंच की. आपल्यात बी चालतं."

"पुढच्या हाकेवर पुन्हा थोडं. त्याच्या पुढं पुन्हा. मी असं लिहिलंय, की कितीही हाका झाल्या, तरी शेवटी सगळं मिळून इकडंतिकडं होणं एका हाकेच्या आतच राहतं. पान सत्तेचाळीस. पुढची साठ पानं त्या पानावर उभी आहेत." तिनं पिठातल्या चौकटींवरनं हात फिरवला, तक्ता पुसला गेला. "गेल्या आठवड्यात मला वाटायला लागलं, की... आणि आज सकाळी साळूबाई आली."

पुढचं नूरजहाँनं मनातच मोजलं. होत आलंय, झालंच म्हणा, झालं, डॉक्टरेट, डॉक्टर, दवाखाना, हाडं, गुडघा. एकेका पावलाला चिमूटभर. आणि सगळं मिळून पालीची म्हातारी पायरीवर लुगडं वर सारून बसलेली.

तिच्या हातातली हातोडी मात्र थांबली. कारण त्या ओळीत पहिलं पाऊल कुणाचं, हे तिला एकटीला ठाऊक होतं.

"सरांनी वाचलंय ते पान?"

"दोनदा. दोन्ही वेळा समासात 'छान' लिहिलंय. पुढच्या महिन्यात जर्मनीला जाऊन ते यावर बोलणार आहेत."

"आन् सोमवारी तू जमा करनार."

"परीक्षक वाचतील. सत्तेचाळिसाव्या पानावर थांबायचं त्यांना तसं काही कारण नाही. फार सरळ दिसतं ते." हुमा उठली, हात झटकले. "एक जागा जरा बघायची राहिलीय, एवढंच. तू नको काळजी करू."

जरा बघायची राहिलीय. नूरजहाँनं बावीस वर्षांत हजारो डबे हाती दिले होते. आवाजावरनं तिला कळायचं दगड कुठं घासतोय. तरी ती एवढंच म्हणाली, "जेवून घे." आणि मनातलं "पहिलं 'झालं' मीच म्हनले" तसंच दगडाखाली ठेवून तिनं पुढची चीर धरली.

शुक्रवारी पीठ बारीक उतरलं. रतनबाईनं चिमटीत चोळून बघितलं आणि पुटपुटायला काही न मिळाल्यानं नाराज होऊन गेली. शनिवारभर हुमा माडीवर कागद घेऊन बसली. फारूक दोनदा वर चहा घेऊन गेला आणि दोन्ही वेळा भरलेला कप घेऊन खाली आला. दुसऱ्या वेळी तो नूरजहाँला म्हणाला, "तिला बरं न्हाई का?" नूरजहाँ म्हणाली, "प्रवासाचा शीण." फारूक म्हणाला, "हां, शीण." दोघांनीही एकमेकांकडं बघायचं टाळलं.

रविवारी शाळेच्या पटांगणात शंभरेक माणूस जमलं. बायका डाव्या बाजूला सतरंजीवर, पुढ्यात साळूबाई पाय लांब करून. स्टेजवर गेनबाआबा अध्यक्ष, शेजारी केळशीकर सर. बारीक अंगाचे, चष्मेवाले. मागचा फलक वाचून ते इतके मनापासून हसले, की फारूकला वाटलं शुद्धलेखन चुकलं.

"भरड भूमिती!" सर भाषणात म्हणाले. "वीस वर्षं मी याला मराठी शब्द शोधत होतो. तो इथं गिरणीत तयार होता." टाळ्या पडल्या. फारूकनं बायकांच्या बाजूला बघून मान हलवली: शब्द हिचा. "तुमच्या हुमानं जे केलंय, ते मी पुढच्या महिन्यात जर्मनीत मोठमोठ्या लोकांसमोर सांगणार आहे. तिचं नाव घेऊन सांगणार आहे."

आणखी टाळ्या. मग गेनबाआबांनी फेटा आणला. भगवा-हिरवा असा दोन्ही रंगांचा, कुणाचं मन मोडायला नको म्हणून. तो हुमाच्या डोक्यावर जरा मोठा झाला आणि भुवयांवर उतरला. आबांनी माईक तिच्या हातात दिला.

माईकनं एकदा शिट्टी मारली. हुमा म्हणाली, "सगळ्यांचे आभार." मग थांबली. "मी..." पुन्हा थांबली.

लोकांना वाटलं, लाजली. कुणीतरी 'बोल की डाक्टरीणबाई' म्हणून ओरडलं. नूरजहाँ मात्र तिच्या दुसऱ्या हाताकडं बघत होती. अंगठा बोटावर फिरत होता, फिरत होता, आणि चिमटीत काही नव्हतं.

नूरजहाँ उठून उभी राहिली. पदर डोक्यावर सारखा केला. सभेत ती आयुष्यात कधी बोलली नव्हती. पण गिरणीच्या आवाजावरनं बोलायची सवय असलेल्या बाईला माईक लागत नाही.

"आबा, जरा थांबा. एक गोष्ट ऱ्हायलीय. पोरगी मला फोनवर 'झालं' म्हनलीच नव्हती. 'होत आलंय' म्हनली हुती. झालं ह्ये म्या केलं. ज्वारी चालू हुती."

मग पुरुषांच्या बाजूनं फारूक उठला. त्याचा चेहरा फेट्यापेक्षा रंगीत झाला होता. "ही 'झालंच म्हना' म्हनली हुती," तो म्हणाला. "त्यातलं 'म्हना' म्या गाळलं."

"डाक्टर आमच्या भोंगवलीत झाली," गेनबाआबा माईकशिवायच म्हणाले, आणि टोपी नीट करत खाली बघू लागले. "बहुतेक माज्याच तोंडून."

"नसरापुरात दवाखाना लागला," मागनं एक टेम्पोवाला म्हणाला.

"आन् गुडघं आमच्या पालीचं," साळूबाईनं हात वर केला. "हाडं कुठली ते ठावं न्हाई. ती येल्ह्यातनं आली."

हशा पिकला. असा हशा, की बसलेली माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारू लागली. सगळ्यांनाच कुठंतरी ठाऊक होतं, आणि ते सांगायला दुसरं कुणी उठत नाही म्हणून प्रत्येकजण बसून राहिला होता. रतनबाई डोळे पुसत म्हणाली, "म्हंजी पीठ भरडच हुतं की गं!"

"थांबा, थांबा," गेनबाआबांनी हात वर केले. "म्हंजी मूळ निरोप एवढाच: होत आलंय. बरं मग. होत आलंय याचा सत्कार. त्यात काय वाईट हाय? वाजवा टाळ्या."

टाळ्या पडल्या. या वेळी जास्तच मोकळ्या. फारूक डोळे मिटून वाजवत होता. केळशीकर सरही हसत वाजवत होते. त्यांच्या मते अडचण फक्त सोमवारपर्यंतची होती. इथंच संपलं असतं, भजी तयार होती, आणि कुणालाही काही वावगं वाटलं नसतं.

हुमानं भुवयांवरचा फेटा दोन्ही हातांनी उचलला आणि टेबलावर ठेवला. माईक तिथंच ठेवला. आईकडं एकदा बघितलं. मग लोकांकडं पाठ करून ती सरांकडं वळली, आणि त्यांच्यात हाकेचंसुद्धा नाही, हातभराचं अंतर होतं.

"सर, होतही आलेलं नाही," ती म्हणाली. "पान सत्तेचाळीस. ते हाकेच्या आत राहत नाही. माझं चुकलंय."